सोप्यावरचा उजेड आणि अर्धा पंप बेस

लग्नाच्या हॉलमध्ये नवरीची टिकली दुसऱ्यांदा निसटली की एखादी मावशी पर्समधून नवं पाकीट काढते आणि 'हल्लीच्या टिकल्यांना गोंदच नसतो' म्हणून मोकळी होते. गोंद असतो. पण त्याने चिकटायचं कशाला? खाली मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, त्यावर मेकअप नीट बसावा म्हणून सिलिकोनचा गुळगुळीत लेप, म्हणजे प्रायमर, मग फाउंडेशनचे दोन हात आणि वर पावडर. टिकलीला त्वचा सापडतच नाही. ती पावडरीला धरते, पावडर घामाबरोबर सुटते, टिकली नाकाशी येते. इअरबडवर थेंबभर मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप पुसायचं पाणी, घेऊन भुवयांच्या मधोमध टिकलीएवढाच गोल कोरा करायचा, कोरड्या इअरबडने टिपायचा आणि टिकली दहा सेकंद दाबून धरायची. मग ती विहीणपंगत उठेपर्यंत हलत नाही.

पण मुळात कपाळावर पाच थर चढले कसे? सवयीने. चेहरा म्हणजे एक भिंत आणि बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, हा डिस्टेंपर, असं धरून सगळीकडे सारखा हात फिरवला जातो. ही सवय कुठून आली असेल याचा एक अंदाज गोव्यात बसून सहज करता येतो. आपल्याकडे गावागावात जत्रेला देवळाच्या पटांगणात नाटक होतं, आणि पुष्कळांना मेकअप पहिल्यांदा दिसतो तो तिथल्या रंगपटात. नटाचा चेहरा मागच्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत पोचवायचा असतो. पन्नास-साठ फुटांवरून त्वचा दिसत नाही, दिसतो तो रंग आणि नाकडोळ्यांच्या रेघा. म्हणून बेस जाड. सफेता, पिवडी, हिंगूळ, काजळ या जुन्या रंगांच्या जमान्यात तो जाड होता, आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस मॅक्स फॅक्टर कंपनीने रंगीत चित्रपटांसाठी काढलेला पॅनकेक, म्हणजे वडीच्या रूपातला बेस, आपल्या रंगपटांत पोचला तेव्हाही त्याचा हात जाडच राहिला. रंगमंचासाठी ते बरोबर आहे. लग्नात मात्र चेहरा दोन अंतरांवरून पाहिला जातो: अक्षता टाकणाऱ्याच्या पंधरा फुटांवरून आणि सेल्फी काढणाऱ्या बहिणीच्या दीड फुटावरून. दीड फुटावर पॅनकेकचा हिशेब चालत नाही. तिथे गुळगुळीत दिसायचं तर त्वचा थोडी दिसू द्यावी लागते.

दुसरी अडचण हवेची. फाउंडेशन लावण्याचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेच्या शहरांत, एसी खोलीत चित्रित झालेले असतात. 'आधी त्वचेला भरपूर ओलावा द्या' हे त्यांचं पहिलं वाक्य. गोव्यात ओलावा विकत आणायची गरज नाही. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि मे महिन्यात पाऊस नसतानाही अंगाला चिकटा येतोच. अशा हवेत घाम येतो पण सुकत नाही. तो फाउंडेशनच्या पापुद्र्याखाली साठतो आणि पापुद्रा खालून उचलतो. बाटलीवर 'चोवीस तास टिकणारं' असं लिहिलेलं असतं. पण ते टिकणं बहुधा बाहेरून आलेल्या पाण्याशी असतं, खालून येणाऱ्या पाण्याशी नव्हे. त्यामुळे इथे बेसची खरी लढाई पहिल्या अर्ध्या तासात, लावण्याआधीच होते.

गरम पाण्याने न्हाऊन आल्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटं शरीर उष्णता बाहेर टाकत असतं. नेमकं याच वेळात घाईघाईने फाउंडेशन लागतं आणि नाकाच्या शेंड्यावर, वरच्या ओठावर पहिल्या पाच मिनिटांत बारीक छिद्रं पडतात. त्यावर आणखी फाउंडेशन, मग आणखी छिद्रं. उपाय अगदी साधा आहे: पंख्याखाली बसा. केस आणि साडीआधी बेस करायचा असा नेम असेल तर तो मोडा. केस आधी करा, ड्रायरची धग जिरू द्या. थंड पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला सुती पंचा दोन मिनिटं चेहऱ्यावर आणि मानेच्या मागे ठेवा. बर्फ थेट घासू नका, लाली येते आणि ती झाकायला पुन्हा बेस लागतो.

मॉइश्चरायझर जेल प्रकारचं, हरभऱ्याएवढं. ते गालांवर आणि तोंडाभोवती. नाकावर, नाकाच्या बाजूंना नाही. सनस्क्रीन मात्र पूर्ण, दोन बोटांवर रेघ ओढून येईल तेवढं. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. फाउंडेशनवरच एसपीएफ (ऊन अडवण्याचा आकडा) ३० लिहिलंय, मग वेगळं सनस्क्रीन कशाला? तो आकडा प्रयोगशाळेत मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम माल लावतात. त्या हिशेबाने चेहऱ्याला ग्रॅमभराच्या वर फाउंडेशन लागेल. कुणी लावत नाही, आणि लावलं तर दशावतारातला राजा दिसेल.

सनस्क्रीननंतर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. न थांबता वर फाउंडेशन घासलं की गोळ्या सुटतात. खोडरबर चालवल्यावर कागदावर पडतो तसा कचरा. दोष कधी घाईचा, कधी मात्रेचा, कधी दोन मालांचं न जमण्याचा. खाली सिलिकोनवालं सनस्क्रीन आणि वर पाण्यात मिसळलेलं फाउंडेशन असलं तर वरचा थर तव्यावरच्या पाण्यासारखा तुटक तुटक होतो. हे चेहऱ्यावर शोधण्यापेक्षा आदल्या दिवशी हाताच्या पाठीवर दोन्हींचा एकेक थेंब घेऊन कालवून बघा. एकजीव झाले तर ठीक. ताक फुटल्यासारखे दिसले तर दोघांतला एक बदला. बसण्याआधी शेवटचं काम म्हणजे टिश्यूचा एक पदर सुटा करून चेहऱ्यावर दाबायचा. त्यावर जे तेलकट उमटेल ते नाहीतर फाउंडेशनात मिसळणार होतं.

आता बाटली. साधारण पंपातून एका दाबाला थोडाच माल येतो. तो पुरा चेहऱ्यासाठी आहे, आणि त्यातलाही निम्मा आधी. हाताच्या पाठीवर घेण्याची पद्धत आहे, पण आपल्या हवेत हात गरम आणि घामट असतो. स्टीलची छोटी ताटली बरी. गालावर, कपाळावर, हनुवटीवर पाच ठिपके देऊन मग ते फिरवण्याची जी रीत आहे, ती सोडावी असं माझं स्पष्ट मत आहे. ठिपका जिथे पडतो तिथे रंग सगळ्यात जास्त बसतो आणि सुकायला लागतो. दुसऱ्या गालाकडे वळेपर्यंत पहिल्या गालावरच्या ठिपक्याला कडा आलेली असते. एका वेळी चेहऱ्याचा एकच भाग घ्या.

सुरुवात नाकाच्या बाजूने. लाली, छिद्रं, वांग हे सगळं बहुधा तिथे आणि तिथून दोन बोटांच्या पट्ट्यात असतं. ब्रशच्या टोकाला ताटलीतला माल टिपायचा, गालाच्या आतल्या भागावर टेकवायचा आणि कानाकडे नेताना हलकं होत जायचं, म्हणजे कानाशी पोचेपर्यंत ब्रशवर जवळजवळ काही उरलेलं नसावं. मग हनुवटी. मग नाक. कपाळाला शेवटी, ब्रशवर जे शिल्लक असेल ते, भुवयांच्या मधून केसांकडे. डोळ्यांखाली वेगळं काही घ्यायचं नाही. तिथली त्वचा पातळ आणि सतत हलणारी, जाड थर दहा मिनिटांत रेघांमध्ये जाऊन बसतो. शेवटचा हात वरून खाली, कारण गालावरची बारीक लव खाली वळलेली असते. उलटा हात फिरवला की लव उभी राहते, आणि खिडकीच्या बाजूने आलेल्या उजेडात गाल मखमलीच्या कापडासारखा दिसतो.

मग स्पंज. ब्रश पसरवतो, स्पंज बसवतो. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येतं, पण वेळ जातो. स्पंज नळाखाली फुगून दीडपट-दुप्पट होईपर्यंत भिजवायचा, पिळायचा आणि मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा पिळायचा. ही दुसरी पिळणी पुष्कळजण गाळतात. स्पंजात राहिलेलं पाणी फाउंडेशनात जातं आणि गालावर पाण्याच्या डागासारखे फिकट गोल उठतात. स्पंज गालाला सरळ टेकवून उचलायचा. भाकरी थापतो तसा नाही, त्याहून कितीतरी हलका. तान्ह्या बाळाला निजवताना थोपटतो तेवढा. ओढलात की खालचा थर निघालाच.

इथे दोन मिनिटं हात बाजूला ठेवा. फाउंडेशनातला उडून जाणारा अंश उडाला की थर घट्ट होतो, आणि खरं चित्र तेव्हा दिसतं. आरसा नाकाशी न धरता हातभर लांब धरून बघा. तिथून जे डोळ्याला खटकेल तेवढंच दुसऱ्या हाताचं. बहुतेक वेळा ते दोन-तीन डाग असतात, आणि त्यांना फाउंडेशनचा दुसरा हात नको, डाग झाकायच्या दाट क्रीमचा, म्हणजे कन्सीलरचा, तांदळाएवढा ठिपका हवा. तो डागावर ठेवून मिनिटभर सुकू द्यायचा आणि मग फक्त कडा थोपटायच्या. मधला भाग थोपटला की डाग परत वर येतो.

पुळीचं दुःख वेगळं. तिचा लाल रंग झाकता येतो, तिचा उंचवटा झाकता येत नाही, कारण उंचवटा आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे, आणि जितका माल वर चढवाल तितकी सावली मोठी. रंग गेला की थांबा. पंधरा फुटांवरून सावली दिसत नाही, आणि दीड फुटावरून बघणाऱ्या बहिणीला पुळी आहे हे आधीच ठाऊक असतं.

डोळ्यांखालचा आणि तोंडाभोवतीचा काळपटपणा हा मात्र आपल्या त्वचेचा खास विषय. त्यावर गोरा कन्सीलर लावला की जागा राखाडी होते, आणि तरी दर लग्नात निदान एक राखाडी चेहरा दिसतोच. कारण असं, की फाउंडेशन आणि कन्सीलर झाकतात ते मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याने. काळपट जागेवर पांढऱ्याचा पातळ पडदा पडला की तो निळसर-राखाडी दिसतो. काळ्या दगडावर चुन्याचा हात फिरवून बघा. आधी केशरी छटेचा करेक्टर हवा, गव्हाळ रंगाला पिकलेल्या पपईसारखा, सावळ्याला त्याहून गडद विटकरी. तोही अगदी पारदर्शक, आणि फक्त काळ्या जागेवर. ही युक्ती आजची नाही. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर ज्या काळात स्त्रीभूमिका करत होते, त्या काळातल्या प्रत्येक स्त्रीपार्टी नटाला हनुवटीवरच्या दाढीची निळसर झाक घालवणं हाच मोठा प्रश्न असणार, आणि निळ्याला केशरी मारतो हे रंगपटात शिकवावं लागत नाही.

शेडबद्दल बोलायचं तर आधी मातीबद्दल बोलावं लागेल. फाउंडेशनला त्वचेचा रंग येतो तो लोखंडाच्या तीन ऑक्साइडांनी, लाल, पिवळा आणि काळा. आपल्या जांभ्या चिऱ्याला जो रंग आहे, डिचोली-साखळीकडच्या लोखंडाच्या खाणींतली धूळ ज्या रंगाची असते, ती हीच मंडळी. बाटलीतली कारखान्यात शुद्ध करून बनवलेली असतात एवढाच फरक. 'हे फाउंडेशन ऑक्सिडाइज होतं' म्हणून तक्रार करतात ना, तिथे हे लक्षात ठेवावं. लाल ऑक्साइड म्हणजे गंजच, तो आणखी काय गंजणार? शेड काळवंडते ती बहुधा पातळ द्रव उडून गेल्याने आणि त्वचेचं तेल रंगद्रव्यात मुरल्याने; पावसाच्या पहिल्या सरीनंतर अंगणातली माती गडद होते, तसंच. म्हणूनच शेड लावल्या लावल्या ठरवायची नाही. जबड्यापासून मानेपर्यंत जवळजवळच्या तीन शेडच्या तीन रेघा ओढायच्या आणि वीस मिनिटं दुसरं काहीतरी करायचं. चहा करा. जी रेघ शोधावी लागेल ती तुमची.

आणि बघायचं कुठे, तर घरच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्यांचा रंग सोन्यासारखा उजळतो आणि हॉलमधल्या पांढऱ्या ट्यूबखाली सगळेच आजारी दिसतात. सोप्यावर सकाळी आठ-नऊला उजेड भरपूर असतो पण ऊन थेट येत नाही. छपराची वळचण ते अडवते. रंग पारखायला यापेक्षा चांगली जागा पैसे देऊनही मिळणार नाही. फक्त लाल सिमेंटची जमीन असेल तर तिची झाक हनुवटीखाली पडते. खाली पांढरी चादर टाका.

लग्नघरात यातही एक मेख असते, हळद. आदल्या दिवशी चोळलेल्या हळदीचा पिवळा चेहरा दुसऱ्या दिवशी मुहूर्तापर्यंत पुरता उतरत नाही, आणि महिनाभर आधी जुळवलेली शेड त्यावर गुलाबी किंवा फिकट दिसते. अशा वेळी शेड बदलायची नाही. फोटोत शेजारी मान, खांदे, हात असणारच, आणि त्यांच्याशी जुळणं महत्त्वाचं. हळद घालवायची. तिचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. साबणाने घासलं तर क्षारामुळे ती उलट लालसर होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात तोच प्रकार. खोबरेल तेल चोळून दोन मिनिटं ठेवायचं, मऊ कापडाने पुसायचं, मग सौम्य फेसवॉश. फेसवॉश गाळू नका. तेल उरलं तर त्यावर काहीच टिकणार नाही, आणि ज्यांना पुळ्या येतात त्यांना खोबरेल मानवतही नाही. फेशियल, थ्रेडिंग, वॅक्सिंग हे सगळं निदान तीन-चार दिवस आधी उरकलेलं बरं. आदल्या संध्याकाळी केलं तर ओठावर पुरळ आणि कपाळावर लाल रेघ.

पावडर थोडक्यात. ती पफवर घेऊन, पफ हाताच्या पाठीवर झटकून, नाक, नाकाच्या बाजू, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग एवढ्यावरच दाबायची. दाबण्याआधी एकदा तोंडभर हसायचं, डोळे मिचकावायचे, रेघांत काही जमलं असेल तर कोऱ्या बोटाने टिपून मग पावडर, नाहीतर रेघ तिथेच पक्की होते. नथ जिथे गालाला लागते आणि मुंडावळ्यांचे दोर जिथे कपाळाच्या बाजूंना घासतात, तिथे पावडर थोडी जास्त चालेल. होमाच्या धुराने डोळे पाणावणारच, म्हणून डोळ्यांखाली अगदी नावापुरती. सिलिकाच्या बारीक पांढऱ्या पावडरींपासून जपा. आरशात त्या दिसत नाहीत आणि फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पिठाचे दोन हात उठतात. निघण्याआधी दिवे मालवून फोनच्या फ्लॅशने एक फोटो काढला की ही फजिती घरातच कळते.

दुपारी बाराचा मुहूर्त, हॉलच्या बाजू उघड्या, पंखे फक्त वऱ्हाडाच्या बाजूला. घाम येणार. त्यावर कॉम्पॅक्ट फिरवणं ही सगळ्यात महागडी चूक. ओल्यावर पावडर पडली की तिची पेस्ट होते आणि पेस्टचे गोळे. आधी टिश्यू. एक पदर, चेहऱ्यावर ठेवून वरून तळवा दाबायचा, पुसायचं नाही, सरकवायचंही नाही. मग अर्धा मिनिट वारा घ्यायचा. त्यानंतरही जिथे चमक उरली असेल तिथेच पावडर, आणि जिथे बेस निघाला असेल तिथे बोटाच्या टोकावर कन्सीलरचा ठिपका. पर्समध्ये टिश्यू, एक पफ आणि कन्सीलर एवढं पुरतं. स्कूटरवरून जाणाऱ्यांनी हेल्मेटच्या आत गालांच्या जागी स्वच्छ सुती रुमाल घालावा. हेल्मेट घालताना आणि काढताना ते दोन्ही हातांनी बाजूला ताणून धरायचं. तरीही जबड्यावरचा रंग थोडा जातोच, म्हणून तिथे मुळातच पातळ लावलेला बरा. जाड थर अर्धा निघाला की भेग दिसते, पातळ थर निघाला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

रात्री काढताना पुन्हा तेल किंवा क्लीन्सिंग बाम, कोरड्या चेहऱ्यावर, पूर्ण मिनिटभर, मग फेसवॉश. नुसत्या फेसवॉशने टिकाऊ फाउंडेशन निघत नाही, नाकाच्या कोपऱ्यात आणि केसांच्या कडेला राहतं. पांढऱ्या टॉवेलवर सकाळी उमटतं ते हेच.

राहिला स्पंज. त्याचा सगळ्यात वाईट महिना जुलै. आंघोळीच्या खोलीत, झाकणाच्या डबीत ओला ठेवलेला स्पंज आपल्याकडे सुकत नाही, नुसता आंबतो. बाहेरून धुतलेला दिसतो, थोडा वास येतो, आणि आपण तो तसाच गालाला लावतो. पावसाळ्यात दोन महिने वापरलेला एखादा स्पंज टाकून देण्याआधी ब्लेडने मधोमध कापून बघा. आत काळे ठिपके असतात, भिंतीवर ओल येऊन बुरशी धरते तसे. वापरला की त्याच दिवशी साबणाने, पिळल्यावर पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा, टॉवेलात पिळायचा, आणि कपड्याच्या चिमट्याला अडकवून पंख्याच्या वाऱ्यात टांगायचा, भिंतीला न टेकवता. पंखा रात्रभर चालू असतोच.